माघारी आलेली पोर

फेब्रुवारी सरत आला तरी रान सलगम सोडायला तयार नव्हतं. वरची चार बोटं माती दिवसा भिजून मऊ व्हायची, खालची मात्र दगडासारखी. टिबी डूगिड पाला धरून ओढायची, तर पाला हातात यायचा आणि सलगम जागेवर. मग कुदळीच्या टोकानं भोवतालची माती फोडायची, पुन्हा ओढायचं, विळ्यानं मूळ छाटायचं आणि गाडीत फेकायचं. गोठ्यात चौदा गुरं होती आणि चौदा तोंडांना दिवसातनं दोनदा पाट्या भरून लागत. कमरेला सुतळीनं बांधलेलं पोतं, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्यांत ती गाईच्या सडांना लावायचं मलम भरायची. पहिल्या दोन सलगमांतच ते पुसून जायचं.

क्रोम्बी मास्तरांची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ती वाकलेलीच होती.

"इझाबेल! जरा इकडे येतेस का?"

आमच्याकडे माणसाला त्याच्या शेताच्या नावानं हाक मारतात. टिबीला सगळा गाव 'मॉसब्रे' म्हणायचा. मास्तर तेवढे इझाबेल म्हणत, कारण शाळेच्या हजेरीत तसं होतं.

"हितनंच बोला मास्तर. हात थांबला की गारठतो."

मास्तर शहाहत्तर वर्षांचे. चकचकीत बूट चिखलात घालावेत की नाही याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि फाटकावरच रेलले. "स्मारकाचा दगड तयार झाला! फाट्यावर, बसथांब्याशेजारी. वर तुझ्या वडलांचं नाव आणि खाली पूर्ण कविता. पुढच्या शनिवारी त्याच्यावरचं कापड काढायचं."

"कंची कविता?"

मास्तर हसले. "कुठली म्हणजे? 'माघारी आलेली पोर'. आणि ती तू म्हणायची."

"मला कुनी इचारलं?"

"तुला काय विचारायचं, बाई? कविता तुझीच आहे."

टिबीनं विळा सलगमात मारला. तो आतच रुतून बसला.

"आणखी एक," मास्तर म्हणाले. "इस्टेटीच्या कारभाऱ्याशी बोललो मी. तुझे वडील गिब गेल्यावर ते हे घर पाडून रान शेजारच्या शेताला जोडणार होते, तुला माहीत आहे. आता कवीचं घर म्हणून ठेवतायत. तू आहेस तोवर तुझं. उन्हाळ्यात माणसं येतील, त्यांना गोठा दाखवायचा, चार ओळी म्हणून दाखवायच्या. एवढंच."

"एवढंच," टिबी म्हणाली.

"मंगळवारी विद्यापीठातनं हॅडो बाई येतील. वडलांच्या वह्यांची ट्रंक बघायला. पोटमाळ्यावर ओल आहे, कागद कुजून जातील. आपल्या बोलीचा ठेवा आहे तो."

याच मास्तरांनी, टिबी नऊ वर्षांची असताना, भर वर्गात तिच्या तळहातांवर चामड्याचा पट्टा ओढला होता. का, तर गाईला तिनं घरचा शब्द वापरला, पुस्तकातला नाही. दोन्ही हातांवर तीन-तीन. आता तेच मास्तर बोली राखायच्या समितीचे अध्यक्ष होते. बरं, ते ढोंग होतं असंही नाही. गिब डूगिडच्या कविता त्यांना मनापासून पाठ होत्या, आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे.

गाडी गेली. टिबीनं बुटाची टाच सलगमावर ठेवून विळा उपसला.

स्वयंपाकघरात लीझी आत्या चुलीशी खुर्ची लावून बसली होती. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत.

"मास्तर कशापायी आला व्हता?"

"दगड बसवत्यात. फाट्यावर."

"गिबचा? बरं झालं. आन तोंड का आसं?"

"ती कविता मी म्हनायची हाय."

आत्यानं जवाच्या सूपमध्ये भाकरी मोडली. "म्हन की मग. येवढा गाव म्हनतो. तुलाच काय काटा टोचतो?"

गाव म्हणायचा, हे खरं. शाळेत पोरांकडून घोकून घेत, लग्नात म्हणत. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस टिबी दिसली की भर गर्दीत सुरू करायचा—

*दार उघडलं बसचं तरी पाऊल न्हाई पडलं,*
*लांब गोठ्यात गाईनं तिचं नाव काढलं.*
*शहर म्हनलं, ये गं पोरी, सोनं हाय हितं;*
*पोर म्हनली, माझं सोनं दावनीला तितं.*

लोक टोप्या हलवायचे. टिबी हसायची. हसली नाही तर "मॉसब्रेला लई गर्व" असं होणार. तिशीत असताना एक विधुर शेतकरी दोन-तीन रविवार येऊन बसला होता. चौथ्या रविवारी म्हणाला, "तुमच्यासारखी घर न सोडनारी बाई कुठनं मिळायची?" टिबीनं त्याला चहा दिला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

झालं होतं ते असं. टिबी एकोणीस वर्षांची होती. आदल्या शरदात आई गेली होती. ॲबर्डीनच्या इस्पितळात नर्सच्या शिक्षणाला टिबीची निवड झाली होती. पत्र आलेलं, बॅग भरलेली. सकाळी आठच्या बसला ती फाट्यावर उभी राहिली. बस आली, टिबीनं पायरीवर एक पाय ठेवला, आणि शेतातनं बाप ट्रॅक्टर घेऊन आला. मागं शेणाची गाडी. त्यानं ट्रॅक्टर बससमोर आडवा घातला. खाली उतरला. तिच्या हातातनं बॅग काढून घेतली आणि शेणावर टाकली. म्हणाला, "गाय आडलीया." बसमधले लोक खिडक्या पुसून बघत होते. टिबी पायरीवरनं उतरली. बस गेली आणि ती गाडीमागं चालत घरी आली.

गोठ्यात गेली तर वासरू उभं होतं. कोरडं ठणठणीत, आचळाला लागलेलं. टिबीनं मनाशी धरलं की बाप फाट्यावर असतानाच गाय मोकळी झाली असेल. कोरड्या वासराकडं बघूनही तिनं तेच धरलं. दुसरं काही धरलं असतं तर त्या घरात राहणं जमलं नसतं.

वर्षाच्या आत कविता पेपरात छापून आली.

हॅडो बाई मंगळवारी आल्या. चाळीशीच्या, बारीक, गळ्यात चष्मा. ट्रंक खाली उतरवताना टिबीनं त्यांना हातही लावू दिला नाही. खांद्यावर घेऊन शिडीवरनं उतरली. आत पेंड विकणाऱ्या दुकानानं फुकट वाटलेल्या वह्या होत्या, साठेक. गिब डूगिड गुरं राखताना शिसपेन्सिलीनं लिहायचा, त्यामुळं पानोपानी शेणाची बोटं.

बाई एकेक पान उलटून यादी करत होत्या, आणि अडलं की विचारत होत्या.

"हे 'राड' आणि हे 'रेंदा'. दोन्ही चिखलच ना?"

"न्हाई वो. राड पायाखाली व्हती. रेंदा बुटात शिरतो."

"आणि 'पिरपिर'?"

"पाऊस. भिजवत न्हाई, पन कामबी करू देत न्हाई त्यो."

बाईंनी लिहून घेतलं. दुपारपर्यंत टिबीनं दीडशे शब्द सांगितले. आयुष्यात कुणी तिला इतका वेळ काही विचारलं नव्हतं आणि उत्तर लिहून घेतलं नव्हतं. आत्याच्या औषधाची वेळ टळली तरी तिच्या लक्षात आलं नाही. "तुम्ही तर कोशच आहात," बाई म्हणाल्या, आणि टिबीनं उगाच चहाचं भांडं पुन्हा घासलं.

तीनच्या सुमाराला बाईंनी एक वही उघडली. "हे छापलेलं दिसत नाही कुठं. तारीख आहे वर. बघा हं—" आणि त्या वाचू लागल्या. शहरातल्या माणसाच्या सपाट आवाजात, शब्द चाचपडत:

*बसम्होरं मी उभा ऱ्हायलो, वाट आडवून.*
*पोर बोलली न्हाई. लोकं काचंतनं बघत व्हती.*
*तिची बॅग मी शेनात टाकली.*
*गाय पहाटंच व्याली व्हती, वासरू माझ्या हातानं पुसलं.*
*गाईसाठी न्हवं.*
*तिच्या आईची खुर्ची रिकामी, आता तिचीबी व्हनार,*
*आन मी येकटा पेज ढवळनार, ह्याला भ्यालो.*
*पोरी, तू वर बघितलं आसतंस तर मी बाजूला झालो आसतो.*
*तू खाली बघितलंस.*

बाई थांबल्या. मग त्यांना बस, बॅग आणि समोरची बाई यांचा मेळ लागला. "मला... मिस डूगिड, मला माफ करा."

टिबी उठली. नळ सोडून हात धुवायला लागली. भेगांत पाणी जाऊन झोंबलं तरी धुतच राहिली.

"पहाटंच," ती म्हणाली. "त्येला म्हाईत व्हतं."

चुलीशी आत्या पुटपुटली, "त्यो कागुद जाळ म्हनलं व्हतं मी त्येला."

टिबी वळली. "तू वाचलावतास?"

"वाचून दाखवला त्यानं मला. ह्यो आन दुसरा. इचारलं, लीझे, कंचा पेपरात धाडू? मी म्हनलं, ह्यो धाडलास तर उंद्या बाजारात तोंड दावशील का? लोकास्नी मान डोलवायला पायजे, बाबा. धाडला त्यानं दुसरा." आत्यानं शाल ओढून घेतली. "त्या उन्हाळ्यात मी हितं ऱ्हायला आले. मला तरी कुठं दुसरं घर व्हतं? तू गेली आसतीस तर मॉसब्रे कवाच मोडलं आसतं."

हॅडो बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तर हे पान बंद पाकिटात ठेवता येतं. पन्नास वर्षं कुणी उघडणार नाही."

"ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. शनिवारपतूर," टिबी म्हणाली. बाईंनी पान अलगद सोडवून दिलं. टिबीनं ते एप्रनच्या खिशात घातलं आणि गुरांना सलगम टाकायला गेली. त्या दिवशी तिनं चौदाही गव्हाणी भरल्या आणि मग तिला आठवेना, भरल्या की नाही. पुन्हा जाऊन बघितलं.

गुरुवारी ती पान घेऊन मास्तरांकडं गेली. दारातच बूट काढून मोज्यांवर उभी राहिली. मोज्याला अंगठ्याशी भोक. मास्तरांनी पान वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घालून वाचलं.

"दगड कोरून झालाय, इझाबेल."

"मी दगडाचं न्हाई इचारलं. हे खरं हाय."

"असेल. पण कवीचं कच्चं टिपण वेगळं आणि कविता वेगळी. याला ना यमक, ना ठेका." ते घुटमळले, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी तिच्या बोलीत बोलले. "पोरी, मान्सं मरत्यात, बोली मरतीया. येक कविता ऱ्हायली हाय लोकांच्या तोंडात. ती बी मोडू नगंस."

टिबीला वाटलं, हे वाक्य या माणसानं आपल्या तळहातांवर पट्टा ओढताना म्हणायला हवं होतं. पण ती तसं बोलली नाही. "बरं," म्हणाली, आणि पायरीवर बसून बूट चढवले.

शनिवारी पिरपिर होती. फाट्यावर साठ-सत्तर माणसं जमली. पाद्री, कारभारी, शाळेची पोरं. सगळ्यांच्या छत्र्या एकमेकींत अडकत होत्या. आत्याला गाडीत बसवून काच खाली केली होती. मास्तरांनी ताडपत्री ओढली. करड्या दगडावर अक्षरं अजून पांढरी होती. टाळ्या झाल्या.

"आता कवीची कन्या."

टिबीनं सुरुवात केली. "दार उघडलं बसचं..." आणि सत्तर तोंडं तिच्याबरोबर हलायला लागली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना. दुसऱ्या ओळीला ती थांबली. लोकांनी तिच्याशिवाय ती ओळ पुरी केली आणि तेही अडखळून थांबले.

"ही वळ माझ्या बापानं लोकांसाठी लिव्हली," टिबी म्हणाली. "आधी दुसरं लिव्हलं व्हतं. त्ये वाचते."

मास्तर एक पाऊल पुढं आले. तिनं पान उघडून वाचलं. घाईनं, कारण कागद पावसात भिजून मऊ पडायला लागला होता. शेवटची ओळ झाली तेव्हा छत्र्यांवर पाऊस वाजत होता. कारभाऱ्यानं घड्याळ बघितलं. कुणीतरी पोरांना मागं ओढलं.

मग गर्दीतनं एक उंच म्हातारा पुढं आला. डॉड मच. बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. त्यानं टोपी काढली.

"असंच झालं," तो म्हणाला. "मी व्हतो बसवर. ड्रायव्हरला घंटी मीच दिली, निघ म्हनून. आमाला चार मिन्टं उशीर झालावता."

पाद्रीबाबांनी चार शब्दांत आशीर्वाद आटोपला आणि सगळे गावच्या हॉलमध्ये चहाला गेले. तिथं एका शेजारणीनं टिबीच्या दंडावर हात ठेवला. "ह्ये बी बरं व्हतं गं. पन आपली जुनी ती जुनीच." दुसरीनं विचारलं की या पावसात सलगम कुजतायत का. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "मेलेल्या मानसाची लक्तरं फाट्यावर टांगलीस." टिबीनं तिचे बूट काढले, पाय पुसले, तिला अंथरुणावर घातलं.

घर जाईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बुधवारी मास्तर पुन्हा फाटकाशी आले. पेपरात बातमी आली होती, फोटोसकट. विद्यापीठाला ते पान काचेच्या पेटीत मांडायचं होतं. दोन शाळांनी सहली ठरवल्या होत्या. कारभारी खूश होता.

"मी चुकलो," मास्तर म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "लोकांना दोन्ही हवंय. तू आधी दगडावरची म्हण, मग ती. अगदी परवासारखं मध्येच थांबून. ते फार परिणामकारक झालं."

टिबीनं ओढलेल्या सलगमाची माती विळ्याच्या पाठीनं खरवडली. "मध्येच थांबून," ती म्हणाली.

"हो. मे महिन्यापासून. शनिवार-रविवार."

तिनं सलगमाच्या गाडीकडं बघितलं. गाडी अर्धीच भरली होती.

पुढच्या मंगळवारी दुपारी डॉड मच गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. टिबी दाताळ्यानं शेण ओढत होती.

"येऊ का?"

"बुटं भरतील."

"भरू देत." तो आत आला, पण कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. एका गाईनं त्याच्या बाहीला नाक लावलं. "त्या दिशी घंटी मी दिली, त्ये सांगितलं. फुडचं न्हाई सांगितलं."

"काय फुडचं?"

"दुसऱ्या दिशी मी फाट्यावर बस थांबवली. उतरनारं कुनी न्हवतं, चढनारं कुनी न्हवतं. ड्रायव्हर म्हनला, काय रं डॉड? मी म्हनलं, थांब जरा. तिसऱ्या दिशी बी. आठवडाभर थांबवली. म्हनलं, येईल पोरगी. तू आली न्हाईस." त्यानं बाहीवरची लाळ पुसली. "मी समजलो, मन पालटलं आसंल. फुडं कविता आली पेपरात. मी म्हनलो, सुटलो बाबा. हिला मुळी जायाचंच न्हवतं. तवापासनं दर हिवाळ्याला हॉलमधल्या जलशात टोपी छातीशी धरून म्हनतोय ती."

टिबीनं दाताळं भिंतीला टेकवलं. त्या आठवड्यात ती काय करत होती ते तिला नीट आठवत होतं. रोज सकाळी आठला ती इथंच, याच दावणीशी पाठ करून बसायची, धार काढत. बसचा आवाज चढावर ऐकू यायचा आणि ती कपाळ गाईच्या कुशीत दाबून धरायची, म्हणजे तो जाताना ऐकू येऊ नये. बॅग दाराच्या मागं होती. ती पुसून तिनंच ठेवली होती. बाप त्या आठवड्यात तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि रोज आठच्या सुमाराला, वाट मोकळी सोडल्यासारखा, तो गोठ्यात नसायचा.

"किती येळ थांबवायचास?" तिनं विचारलं.

"आं?"

"बस. किती येळ?"

"येक मिनिट. फार तर दोन. ड्रायव्हर वराडायचा."

टिबी दाराशी गेली. पाऊस उघडला होता. दारापासनं खाली दगडी बांधाच्या कडेनं रस्ता जात होता, ओढ्यावरच्या फळीवरनं, चढ चढून फाट्यापर्यंत.

"हितनं चार मिन्टं लागत्यात," ती म्हणाली. "पळत."

डॉडनं टोपी काढली, मग काय करावं न सुचून परत घातली.

मागं गुरांनी साखळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांची वेळ झाली होती.